मागे तोंड करून बसायची जागा

वणीच्या बसची वाट पाहत अतिया यवतमाळच्या स्थानकावर बसली होती. कापसाचे भाव कोसळल्यापासून बाजारात पसरलेली शांतता स्थानकापर्यंत पोचली होती. त्यामुळे शेजारच्या बाकावरच्या नवराबायकोचा शब्दन्‌शब्द, नको असतानाही, तिच्या कानी येत होता.

"जिनिंग बंद पडली म्हणून शेठ विकून राह्यला. नाही तं अशी गाडी आपल्याले भेटते काय? जुनी हाये, पण इंजिन असं, का नागपूर शेजारी आल्यावानी वाटते."

"नागपूर राहू द्या तिथंच. माणसं किती बसतात?"

"सात. लांब पाठीची हाये ते. डिक्कीत मागं तोंड करून बसाचा बाक हाये. मधात आई अन् आपले साकेत-गुंजन. तुह्या ताईच्या पोरी डिक्कीत."

"काहून?"

"काहून म्हणजे? लहान हायेत, मावतात."

"साकेत त्याइच्याहून लहान हाये."

"अवं, मजा येते पोराइले मागचा रस्ता पाह्याले."

"ताई-भाऊजी वारल्यापासून त्या दोघी आपल्या फाटकाकडेच पाहून राह्यल्या. कोणी न्याले येईन म्हणून. आता गाडीतही मागंच पाह्याचं त्याइनं?"



"म्हणजे गाडी नको?"

"गाडी घ्या. मी जागेचं बोलून राह्यली."

"साकेत-गुंजनले मागं बसवलं तं रडतीन ते."

"रडतीन."

"रडू दे मंग. हाक मारली तं ओ द्याले त्याइची माय हाये पुढं."