भामाबाईची शिवी

शिरूरच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघताना मोहिनीचे कान मागच्या दोघींच्या बोलण्याकडेच लागले होते.

"भामाबाई, पोराचा अल्बम लई गाजतोय म्हणं!"

"लाखांनी ऐकला, केशर! अन् त्यात वरडतंय कोण? मीच! उसाच्या फडात मोळ्या बांधायच्या सोडून रॅप करीत बसायचा. मी शिव्या घालायची, त्यो मोबाईलात भरून घ्यायचा."

"अगं बया! मग आता पुण्याला कशापायी?"

"उद्या त्याच्या कार्यक्रमात हजार लोकांम्होरं शिव्या द्यायच्यात. पर आनंदानं एकबी तोंडात येईना बघ!"

तेवढ्यात गाडी लागली. एका गड्यानं खिडकीतून तीन रुमाल टाकून तीन जागा धरल्या.

"ए मुडद्या, एका बुडाला तीन जागा लागत्यात व्हय? उचल रुमाल, न्हाईतर मोळीत बांधीन!"

भामाबाईचा आवाज ऐकून गड्यानं घाईघाईनं तिन्ही रुमाल उचलले.

"आली गं केशर, आली!"