ओल्या विटांवरचे पाढे

सकाळचे पावणेनऊ. कोरोनात बंद झालेली शाळा उघडून आठवडा झाला होता. पनवेल स्टँडवर सहावीच्या वर्गशिक्षिका घरतबाई आपट्याच्या एसटीची वाट पाहत होत्या. मागच्या बाकावर वीटभट्टीवरची साळू आपल्या लेकीबद्दल, सुनीबद्दल, जावेशी बोलत होती.

“सुनी साळंत नाय गेली?”

“गेलेली. शिपाई बोलला, वरीसभर आनलाईन दिसली नाय, नाव कापतील.”

“आपल्याकडं कुठला मोबाईल!”

“तरी शिकली बाय. ओल्या इटांवर काडीनं पाढे लिवायची. भट्टीवरची सात पोरं बी लिवाया बसवली.”

“शेठ बोंबलला आसल!”

“बोंबलला ना. म्हनला, पुसून टाक.”

“मंग?”

“तवर इटा वाळलेल्या. तशाच भाजल्या. एकोनीसचा पाढा आता कुनाच्या तरी भिंतीत हाय.”

“आगं बया! एकोनीसचा?”

“उलटा बी बोलते.”

घरतबाईंनी मास्क सावरून पिशवीतली सहावीची यादी काढली. चौदाव्या नावापुढे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं : सुनीता हिलम, वर्षभर संपर्क नाही. शाळा सुटलेल्या मुलांची ही गळतीची यादी उद्या अकराला पंचायत समितीत पोचवायची होती.

त्या मागे वळल्या.

“साळूबाई, सुनी आता कुठंय?”

“भट्टीवर, बाई. पोरांना शिकवते.”