साधी काच

हो, होईल दुरुस्त, बसा ना त्या स्टुलावर — काडीच्या बिजागरीचे आटे गेलेत, दुसरा स्क्रू घालते, पाच मिनिटं. काय म्हणालात? चष्मा लावला की सगळ्यांना दिसतं? कुठलं हो बाई! बावीस वर्षं हे दुकान चालवतेय, म्हणून सांगते — काच फक्त उजेड नीट वळवून आत सोडते. तो झेलायला आत कुणी शिल्लक नसेल तर काच काय करणार? माझ्या दादाचंच घ्या. मालाचा ट्रक चालवायचा, पट्टीचा ड्रायव्हर. एका संध्याकाळी समोरची भिंत दिसली नाही त्याला. अख्खी भिंत! कुणाच्या जिवावर बेतलं नाही, पण लायसन्स गेलं, आणि मी त्याला घेऊन मोठ्या हॉस्पिटलात गेले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. डोळ्याच्या पडद्यात उजेड टिपणाऱ्या पेशी असतात, आणि प्रत्येकीत मायटोकॉन्ड्रियांची ही दाटी — शाळेत तंतुकणिका म्हणून घोकलं होतं बघा, पेशीला शक्ती पुरवणाऱ्या, त्याच. एवढी शक्ती कशाला लागते? तर त्या पेशींना सुट्टीच नाही. आपण दिवा घालवून आडवे होतो ना, तेव्हा त्या जास्त राबतात. अंधारात जास्त, उजेडात कमी — मलाही खरं वाटलं नव्हतं. तर दादाच्या तंतुकणिकांतच खोट, शक्ती पुरेना, पेशी एकेक करून मरत चाललेल्या. औषध? नाही. नंबर? नंबराचा प्रश्नच नाही. मग विचारतात, आई कशी होती? आमची आई — दिवे लागायच्या वेळेला हमखास ठेचकाळायची, कपबशा फोडायची, आणि बाबा ओरडायचे, डोळे काय कपाळाला चिकटवलेत का? आम्ही दोघं हसायचो हो. खदाखदा. डॉक्टर म्हणाल्या, हे आईकडूनच येतं, फक्त आईकडून. बापाच्या तंतुकणिका मुलांत उतरत नाहीत. दादा ताडकन सरळ बसला — "म्हणजे माझ्या पोरांना नाही?" "नाही." रडला तो, आनंदानं रडला, आपले डोळे जाणार हे ऐकून पाच मिनिटं झाली नव्हती. आणि मग त्या माझ्याकडे वळल्या. "ताई, तुम्हाला मुलंबाळं?"

नाही म्हणाले मी. हो — नाही म्हणाले. दादा शेजारीच, त्यानं मान खाली घातली. लेक तेव्हा एकोणीसची. औषधच नाही म्हटल्यावर तिच्या जिवाला घोर कशाला, असं मनाला समजावलं. खरं कारण? तिनं विचारलं असतं ना, आई, हे तुझ्याकडून आलं? आणि मला तर ठणठणीत दिसतं! हा स्क्रू बघा, मुंगीएवढा, भिंग न लावता बसवतेय. एकीच्या अंगात खोट थोडी उतरते, दुसरीच्या भरपूर — डॉक्टर म्हणाल्या होत्या. मी थोडीतली.

पुढे तिचं लग्न ठरलं तेव्हा दादा म्हणाला, "तू सांग, नाहीतर मी सांगतो." सांगितलंस तर तुझं तोंड बघणार नाही, म्हटलं त्याला. काय बोलून गेले बघा — त्याला तर तोवर कुणाचंच तोंड दिसत नव्हतं. नाही सांगितलं बिचाऱ्यानं. आणि या वर्षी लेक आली इथं, पाचवा महिना लागलेला — "आई, संध्याकाळी जिन्याची पायरीच दिसत नाही गं, नंबर आलाय का बघ." तपासलं. नंबर नव्हताच. कळलं मला. आणि केलं काय मी? छानशी जांभळी फ्रेम काढली, साधी काच बसवली, म्हटलं, किंचित नंबर आहे, हा लाव. आरशात बघून हसली — "खरंच गं, किती स्वच्छ दिसतं!"

तोच लावून जिना उतरत होती. आईनं दिलेला चष्मा, मग कठड्याला कशाला हात लावेल? अकरा पायऱ्या. ती वाचली, मूल राहिलं नाही. मुलगी होती म्हणाले. मी भिंतीला धरून खाली बसले, जावई पाणी घेऊन धावला, त्याला वाटलं सासूबाई कोसळल्या — आणि मला, बाई, मला हायसं वाटलं. मुलगी होती ना. म्हटलं, चला, इथंच थांबलं.

काल फोन आला तिचा. "आई, नंबर वाढला असेल का गं? नीट बघितलं होतंस ना तू?"

काय सांगणार? बघितलं होतं म्हटलं. नीट बघितलं होतं.

असं काय बघताय माझ्याकडे? नाही — मला नाही ऐकायचं काही. तुमचं काम झालंय. या तुम्ही.

या म्हटलं ना.