जे जळतं, ते चालतं

...आणि वर मलाच म्हणतात, ‘अगं, धूर कुठंय? तो नुसता वास आहे!’ वास? तुम्हाला सांगते, गल्लीच्या तोंडाशीच लोक मला अडवून विचारतात, ‘आज काय तळताय?’ काय तळणार... जनरेटर तळतोय! लोक निवृत्त झाल्यावर सिगारेट सोडतात, आमच्या बाबांनी डिझेल सोडलं. आता घरचा जनरेटर आणि आमची ती खटारा गाडी, दोन्ही पितात कोपऱ्यावरच्या खाणावळीतलं तळून तळून काळं झालेलं तेल. ते मागून आणायचं, न्हाणीघरात शर्टातून गाळायचं (शर्ट माझा बरं का, त्यांचे सगळे इस्त्री करून कपाटात!) आणि टाकीत ओतायचं. का? तर, ‘जे जळतं, ते चालतं!’

बरं, हे त्यांना शिकवलं मोबाइलमधल्या कुणा मिशीवाल्यानं. पण त्यानं स्वच्छ सांगितलं होतं, मी स्वतः ऐकलंय, की इंजिन सुरू करताना डिझेल, तापलं की तेल, आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेल, नाहीतर तेल नळीत घट्ट होऊन बसतं. बाबांनी यातलं फक्त मधलं ऐकलं! मोठ्यांचं हे असंच असतं... आपल्याला सगळं ऐकून घ्यायला लावतात आणि स्वतः सोयीचं तेवढं ऐकतात. मी म्हटलं, ‘बाबा, डिझेलचं काय?’ तर म्हणे, ‘तू कॉलेजात शिकलीस, मी आयुष्यात शिकलोय. जे जळतं, ते चालतं!’

तर मला आली मुलाखत. वर्षभर अर्ज करून करून बोटं झिजली तेव्हा कुठं एका प्रयोगशाळेनं विचारलं. व्हिडिओवर मुलाखत. समोर एक कडक बाई, मी छान केस विंचरून बसलेली, बाई म्हणाल्या, ‘स्वतःबद्दल सांगा,’ आणि... गेली वीज! लगेच मागून आवाज, ‘घाबरू नकोस, मी आहे!’ अहो, तीच तर भीती! धड्-धड्-धड्-फुस्स... बाई म्हणतात, ‘तुमच्याकडे ट्रॅक्टर आहे का?’ तेवढ्यात खिडकीतून धूर आला. ‘ऐकू येतंय, पण तुम्ही दिसत नाही आहात.’ मी मलाच दिसत नव्हते हो! त्यात आई ओला टॉवेल घेऊन कॅमेऱ्यासमोरून वाकून वाकून चाललीय, ‘चालू दे तुमचं, मी फक्त खिडकी लावते!’

बाई भल्या. म्हणाल्या, ‘उद्या सकाळी प्रत्यक्ष या. पण यापुढं संधी नाही.’

मी बसनं निघाले होते. पण बाबा दारात किल्ली फिरवत उभे, ‘घरात गाडी असताना बस?’ आणि आईनं माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. त्या डोळ्यांपायी बसले मी गाडीत! कडाक्याची थंडी, मागे धूर, धुरामागे गल्लीतली सगळी कुत्री, जिभा बाहेर काढून. पण चालली हो गाडी. चालली! बाबा आरशात बघून मिशीत हसतायत... आणि मोठ्या चौकात सिग्नल लागल्यावर ह्या माणसानं काय करावं? इंजिन बंद केलं!

‘बाबा, हे काय?’

‘इंधन वाचवतोय.’

फुकटात मागून आणलेलं, काळं, खरकटं तेल... ते वाचवतायत! हिरवा दिवा लागला. खर्रर्र. पुन्हा खर्रर्र. मागे हॉर्नचा गोंगाट, आणि एकजण मान बाहेर काढून ओरडला, ‘काका, आधी तेल तापू द्या, मग बटाटे सोडा!’ बाबा बॉनेट उघडून त्यात डोकं घालून म्हणतात, ‘दोनच मिनिटं! गारठ्यानं जरा रुसलंय.’

मी दार आपटलं आणि निघाले. तरातरा. टाच दुखतेय, घाम फुटलाय, तोंडानं पुटपुटतेय काय काय, रस्त्यातले लोक बाजूला होतायत...

पोचले. बाईंनी हवा हुंगली, म्हणाल्या, ‘आज कॅन्टीन लवकर उघडलं वाटतं.’ झालं! माझा बांध फुटला. तेल कसं गोठतं, कुठं गोठतं, आधी काय ओतायचं, नंतर काय ओतायचं, कोण ओतत नाही आणि का ओतत नाही... एका दमात सगळं ओकले. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, ‘आमची इंधन तपासणीचीच प्रयोगशाळा आहे. सोमवारपासून या.’

घरी येऊन सांगितलं. शाबासकी? छे! छाती माझी फुगायची तर फुगली त्यांची. ‘नोकरी कुणाच्या तेलावर मिळाली?’ मी म्हटलं, ‘तेलावर नाही, चालत जाऊन मिळाली.’

‘रागानं जळत होतीस ना?’

‘जळत होते!’

‘आणि चालत गेलीस?’

‘...गेले.’

‘मग? जे जळतं, ते...’

आई हसायला लागली हो! माझी आई! आणि बाबा किल्ली फिरवत म्हणतात, ‘आता सोमवारपासून रोज मी सोडणार तुला.’

संध्याकाळी मी गुपचूप बाजारात गेले आणि चालायचे बूट घेऊन आले.