फ्रिजच्या दारातल्या तीन कुप्या

माझं पूर्ण नाव रजिस्टरात लिहून दिलं आहे. घरी मला थोरली म्हणतात. वय ४७ वर्षे, व्यवसाय नर्स, त्वचेच्या खासगी दवाखान्यात एकोणीस वर्षे. राहणार औषधाच्या दुकानावर, दुसरा मजला, सोबत आई, वय ७८. समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

तक्रारदार ही माझी सख्खी धाकटी बहीण, वय ३९. घरात तिला ठकी म्हणतात. आईला दोन वर्षांपासून विस्मरणाचा आजार आहे, दिसतंही कमी. ठकी दर रविवारी यायची. आई तिच्या ओठांवरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "हे तर माझंच तोंड. ठकी आली गं!" आईला रोज मी न्हाऊ घालते, भरवते, तिचे कपडे बदलते. मला ती "अहो बाई" म्हणायची. मी वडिलांच्या तोंडावळ्यावर गेले आहे. साहेबांनी विचारलं, बहिणीवर राग होता काय. राग नव्हता, पोटात दुखत होतं. तसंच लिहावं.

दिनांक २ मार्च रोजी ठकी आमच्या दवाखान्यात ओठ भरून घ्यायला आली. ऑफिसातल्या मैत्रिणींनी तिच्या डोक्यात भरवलं होतं. यात ओठांत जेलचं इंजेक्शन देतात. डॉक्टर म्हणाले, अर्धी सिरिंज पुरे. मी म्हणाले, "आलीच आहेस तर पूर्ण घे की. अर्धवट काय कामाचं?" तिने ऐकलं. ती लहानपणापासून माझं ऐकते.

पुढच्या रविवारी आईने तिच्या ओठांवर बोट ठेवलं आणि हात झटकन मागे घेतला. "कोण ही? हिला आधी बाहेर काढा." ठकी जिन्यात बसून रडली. मी तिला पाणी नेऊन दिलं, पाठीवरून हात फिरवला. मनातून मला बरं वाटलं. त्याच संध्याकाळी मी भरवत असताना आई मला म्हणाली, "ठकी, तू जेवलीस का गं?" इतक्या मायेने ती माझ्याशी कधी बोलल्याचं मला आठवत नाही. मी "हो आई" म्हणाले. त्या दिवसापासून आईपुरती मी ठकी झाले.

आठवडाभरात ठकी म्हणाली, "ताई, मला नको हे ओठ. पहिल्यासारखे करून दे. आईने मला ओळखायला हवं." जेल विरघळवण्याचं औषध पावडरच्या रूपात कुपीत येतं. नर्स ते सलाइनमध्ये कालवून सिरिंज भरते, डॉक्टर टोचतात. दिनांक ६ एप्रिल, २० एप्रिल व ४ मे रोजी मी सिरिंजमध्ये नुसतं सलाइन भरलं, म्हणजे मिठाचं पाणी. डॉक्टरांना याची कल्पना नव्हती. एखाद्याला औषध लवकर लागू पडत नाही, असं ते म्हणाले. सुई टोचताना ठकीने तिन्ही वेळा माझा हात घट्ट धरला होता.

कुप्या मी फेकल्या नाहीत. ते औषध थंड ठेवायचं असतं, म्हणून न फोडलेल्याच घरी आणून फ्रिजच्या दारात ठेवल्या, दवाखान्याच्या लेबलासकट. सवय, दुसरं काय. दिनांक १७ मे रोजी ठकी आईच्या डोळ्यांचे थेंब काढायला गेली. तिने तिन्ही कुप्या ओट्यावर ओळीने मांडल्या. "ताई, हे काय?" मी म्हणाले, "तुझंच आहे."

तिने दुसरीकडे खरं औषध टोचून घेतलं. आज सकाळी ती घरी आली. आईने बोट फिरवलं आणि म्हणाली, "माझंच तोंड!" मग माझ्याकडे हात करून म्हणाली, "ठकी, या बाई मघापासून उभ्या आहेत, त्यांना बसायला दे." ठकीने मला खुर्ची दिली. माझ्याकडे बघितलं नाही.

साहेबांनी विचारलं, तुम्ही ठकी झाल्यावर आईने थोरलीची कधी चौकशी केली काय. केली. रोज जेवताना करायची. "ठकी, थोरली कुठे असते गं? माझ्याकडे का येत नाही? माझ्यावर रागावली का?" मी सांगायचे, "तिला सवड नसते, आई."

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच लिहिला आहे, त्यात काही खोडायचं नाही. आईचं थोरलीबद्दलचं बोलणं तेवढं पुन्हा एकदा वाचा, अशी मी विनंती केली. त्यांनी वाचलं. मग मी सही केली.