लांडगा चालला असता, पण देवक

सोमाटण्याच्या गुरांच्या दवाखान्यात अनिता मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. शेजारच्या बाकावर वराळ्याच्या शालूबाई, पायाशी त्यांचं कुत्रं. एवढ्यात त्यांची माहेरची मैत्रीण मंदा येऊन टेकली आणि अनिताचे कान आपसूक तिकडं वळले.

“शालू, तुझ्या लेकीचं, समीक्षाचं जमलं म्हणं?”

“मोडलं. लोणावळ्याचा पोरगा व्हता, हॉटेलात मॅनेजर. पौर्णिमेला तेवढा लांडगा हुतो.”

“दारू?”

“शिवत न्हाई.”

“मग एका दिवसाचं काय एवढं.”

“तेच मी म्हनलं. पणज्यापासून शाप हाय. लांडगा झालेला बघूनबी जी व्हय म्हणंल, तिच्याशी लगीन लागलं की सुटतो.”

“समीक्षा भ्याली आसंल.”

“कशाची भिती. टायगर पॉइंटला जाऊन हातानं चिक्की चारून आली.”

“मग घोडं अडलं कुटं?”

कंपाउंडरनं अनिताचा नंबर पुकारला. तिनं मागच्या माणसाला पुढं जायची खूण केली.

“देवक काढलं. त्यांचंबी कळंब, आमचंबी कळंब.”

“आगं बाई. एका देवकाची म्हंजी भाऊ-बहीणच की.”

“तर काय. लांडगा एक येळ पदरात घेतला आसता, पण रीत कशी मोडायची?”

“बरं झालं, आधी कळलं. पोरगा काय म्हणतोय?”

“दर पौर्णिमेला आमच्या दारात येऊन रडतो. समीक्षा आतून रडती.”

“मग तू काय केलंस?”

“आले न्हवं का हितं. आता हे कुत्रंबी त्यांच्यासंगं रडाया लागलंय. म्हनलं, एखादं इंजेक्शन देऊन गप हुतंय का बघावं.”