दोघींचे दोन तक्ते

थोरली : मी पुन्हा सांगते, नर्सबाई, हिने दुपारचा तक्ता खोटा भरलाय. सकाळी माझ्या हातून बाबा दोन घास गिळत नाहीत, आणि हिने लिहिलंय, वाटीभर खाल्लं.

धाकटी : खाल्लं, ताई. वर गप्पाही मारल्या.

थोरली : मारणारच. आठ महिने त्यांचं हगणंमुतणं मी काढलं, आणि तू परवा आलीस तर तुझ्या हातचं गोड. सूज 'नाही' लिहिलंस, पाय तरी पाहिलेस?

धाकटी : मोजे होते. थंडी वाजते म्हणाले.

थोरली : लहानपणीही बाबांच्या सायकलच्या दांड्यावर तू, मागे कॅरिअरवर मी. स्पष्टच सांगते, जळते मी तुझ्यावर. मला बघितलं की ते भिंतीकडे तोंड करून कण्हत बसतात.

नर्स : झालं तुमचं? अहो, खाणं, सूज, धाप, गुंगी, यावरूनच डॉक्टर किती दिवस उरलेत त्याचा अंदाज बांधतात. धाकट्या ताईंच्या तक्त्यावरून दोन-तीन महिने निघतात. तुमच्या तक्त्यावरून पंधरा दिवस, फार तर तीन आठवडे.

धाकटी : दोन-तीन महिने. ऐकलंस ना, ताई?

थोरली : ऐकलं. म्हणजे या घरात नेहमीप्रमाणे तुझंच खरं. नर्सबाई, तुम्हीच सांगा, कोण खोटं बोलतंय?

नर्स : तुम्ही दोघीही नाही. काल जेवण भरवून धाकट्या ताई बाहेर गेल्या तेव्हा मी खोलीतच होते. फाटक वाजलं आणि काकांनी खाल्लेलं सगळं ओकून टाकलं. मोजे काढले तर पाय हे एवढे सुजलेले. धाप लागून शब्द फुटेना. मी म्हटलं, काका, कशाला एवढं रेटता? तर म्हणाले, धाकटीला बघवणार नाही.

धाकटी : आणि मी आणखी एक घास, आणखी एक घास करत होते.

थोरली : माझ्याबद्दल काही बोलले?

नर्स : म्हणाले, थोरलीजवळ सोंग करावं लागत नाही. तिच्याजवळ मोकळं कण्हता येतं.

(थोरली खाली बसते.)

थोरली : एवढं मला एकदा तोंडाने सांगायला काय झालं होतं त्यांना?

नर्स : तेव्हा डॉक्टरांकडे तुमचा तक्ता पाठवते. खरा तोच आहे.

धाकटी : म्हणजे पंधराच दिवस, ताई?

थोरली : नर्सबाई, हिचा पाठवा. या खेपेलाही हिचंच खरं होऊ दे.